बदामाएवढी जागा

लिफ्टचं दार उघडलं तरी मिस्त्री लगेच आत पाऊल टाकायचा नाही. आधी खाली बघायचा, जमीन आहे ना. मग बुटाचं टोक टेकवायचा. मग आत.

रस्त्याने जाताना गॅलऱ्यांच्या खालून चालायचा नाही. वर कोणीतरी कुंडी ठेवलेली असते, म्हणायचा.

चहाचा कप आधी नुसता ओठाला लावून बघायचा.

कामाला निघताना हातात घड्याळ नाही, बोटात अंगठी नाही. लग्नातली अंगठी तिसऱ्याच दिवशी काढून त्याने बायकोच्या सुयांच्या डबीत टाकली, ती कायमची.

घराला कुलूप लावलं की तीनदा ओढायचा. जिन्यात कठडा धरायचा आणि लेकीलाही धरायला लावायचा. दूरवर कुत्रं दिसलं की हा पलीकडच्या फुटपाथवर.

आणि काम चालू असताना दर थोड्या वेळाने शर्टाचा डावा खिसा चाचपायचा.

त्या खिशात फ्यूज असायचा. लिफ्टची दुरुस्ती दोघांनी करायची असते. मिस्त्रीचा जोडीदार लंबू. तो खाली खड्ड्यात उतरायचा, जिथे लिफ्टचा डबा येऊन थांबतो त्याच्याही खाली. मिस्त्री वर, यंत्राच्या खोलीत. तिथला चिनी मातीचा मोठा फ्यूज उपटायचा, म्हणजे लिफ्ट हलत नाही, खिशात घालायचा, खिशाचं बटण लावायचं आणि खाली ओरडायचं, "काढला." की मग लंबू खड्ड्यात. नियम असा की खालच्याने वर येऊन स्वतः खात्री करायची. या दोघांनी तो नियम पहिल्या वर्षीच सोडला. मिस्त्रीने "काढला" म्हटलं म्हणजे काढला. एकोणीस वर्षांत लंबूने एकदाही विचारलं नाही.

बाकीचे कारागीर मिस्त्रीला भागूबाई म्हणायचे. लंबूही म्हणायचा. "अरे, भित्यापाठी ब्रह्मराक्षस," तो म्हणायचा.

"असू दे," मिस्त्री म्हणायचा. "ब्रह्मराक्षस पाठीमागे आहे ना, डोक्यावर तर नाही पडत."

त्याच्या अंगावर कामाचा एक ओरखडा नव्हता. लंबूच्या बोटाचं पेर गेलं होतं, तेही मिस्त्री रजेवर असताना.

मिस्त्रीची बायको ते राहायचे त्या इमारतीच्या तळमजल्यावर कपडे दुरुस्त करायचं दुकान चालवायची. पँटची उंची कमी करणं, चेन बदलणं, कॉलर उलटी लावणं. तिला नवऱ्याच्या भित्रेपणाचा कंटाळा यायचा, पण संध्याकाळी सहाला त्याचे बूट जिन्यावर वाजणार याबद्दल तिला कधी शंका आली नाही. सोबतीला भीती होती तोवर नवरा सुरक्षित होता. हे तिला तेव्हा कळलेलं नव्हतं.

मग त्याला ताप आला. तिसऱ्या दिवशी तो बरळू लागला. चौथ्या दिवशी त्याने लेकीला ओळखलं नाही. हॉस्पिटलात सांगितलं, विषाणू मेंदूत गेलाय. तेवीस दिवस ती तिथल्या बाकावर होती. चोविसाव्या दिवशी मिस्त्री चालत घरी आला. थोडा वाळला होता. माणसांची नावं विसरत होता. पण हसत होता, जेवत होता, तिच्या मशीनचा सैल झालेला पट्टा त्याने आल्या आल्या नीट करून दिला. तिचा जीव भांड्यात पडला.

आठवडाभराने ती वाळलेले कपडे काढायला गच्चीवर गेली. मिस्त्री कठड्याशी उभा होता. कठड्यावर त्यांची सात वर्षांची लेक बसली होती. पाय बाहेर. खाली पाच मजले.

"तो बघ पाण्याचा टॉवर," मिस्त्री तिला दाखवत होता. त्याचे दोन्ही हात स्वतःच्या खिशात होते.

बायकोने हातातले कपडे खाली सोडले. ती पाय न वाजवता पुढे गेली, लेकीला कमरेतून धरलं आणि आत ओढलं. मग ती तिथेच गच्चीवर बसली.

"अहो, पडली असती ना ती."

मिस्त्रीने विचार केला. "हो," तो म्हणाला. "पडू शकली असती."

रागाने नाही, लाजून नाही. कोणी वेळ विचारावी आणि आपण सांगावी, तसं.

त्या दिवसापासून ती बघू लागली. तो चहा उकळता ओठाला लावायचा, भाजला की "गरम आहे" म्हणायचा. गॅलऱ्यांच्या खालून चालायचा. चौकात ट्रक त्याच्या हातभर अंतरावर करकचून थांबला. चालकाने आईबाप काढले. मिस्त्रीने त्याला हात केला, ओळखीच्या माणसाला करावा तसा. कोपऱ्यावरच्या पिसाळल्यासारख्या कुत्र्याच्या तोंडाशी त्याने हात नेला. का, विचारलं तर म्हणाला, "त्याचे दात बघायचे होते."

ती त्याला पुन्हा डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टर बाई तरुण होत्या, सावकाश बोलायच्या. त्यांनी मेंदूचा फोटो उजेडाच्या पाटीवर लावला. दोन्ही कानशिलांच्या आत, खोलवर, एकेक डाग.

"इथे बदामाएवढा एक भाग असतो. दोन्ही बाजूंना एकेक. अमिग्डला म्हणतात. तुम्ही बदामच म्हणा. यांचे दोन्ही गेले."

"त्याने काय होतं?"

"डोळ्यांना काही दिसलं, कानांना काही ऐकू आलं की ते इथवर येतं. धोका असेल तर हा बदाम घंटा वाजवतो. छाती धडधडते, हात मागे येतो, पाय थांबतात. आपल्याला विचार सुचायच्या आधी. यांना धोका कळतो. माहिती सगळी शाबूत आहे. घंटा वाजत नाही."

तिला ते विचित्र वाटलं. भीतीने पोटात गोळा येतो. काळजाचा ठोका चुकतो. हातपाय गळतात, तोंडचं पाणी पळतं, अंगावर काटा येतो. जन्मभर ती हेच बोलत आणि ऐकत आली होती. यात डोक्याचं नाव कुठेच नव्हतं. आणि भीती तर तिथे होती, कानशिलाच्या आत, बदामाएवढ्या जागेत.

डॉक्टर बाईंनी मिस्त्रीसमोर चेहऱ्यांची छायाचित्रं ठेवली.

"हा खूश," मिस्त्री म्हणाला. "ही रडतेय. हा चिडलाय, आमच्या ठेकेदारासारखा."

चौथं छायाचित्र एका बाईचं होतं. डोळे ताणलेले, भुवया वर, तोंड अर्धवट उघडं. मिस्त्री त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिला.

"ही आत्ताच झोपेतून उठलीय का?"

डॉक्टर बाईंनी काही लिहून घेतलं. बायको त्या छायाचित्राकडे बघत होती. सकाळी दुकानाच्या आरशात तिने हाच चेहरा पाहिला होता.

"हे परत येईल ना?" तिने विचारलं.

"नाही." त्यांनी पाटीवरचा फोटो उतरवला. "यांना उंचीवर आणि यंत्राजवळ काम देऊ नका. मी पत्र देते."

पत्र मिस्त्रीने स्वतःच ठेकेदाराला नेऊन दिलं. लपवायचं असतं हेही त्याला वाटलं नाही. ठेकेदाराने ते वाचलं आणि टेबलाच्या खणात टाकलं. "घाबरत नाही हा काय आजार झाला? मला तर असे दहा द्या," तो म्हणाला. मिस्त्री कामावर रुजू झाला. आता तो भराभर काम करायचा. दिवसभराचं काम जेवायच्या सुट्टीआधी उरकायचा. घरी येऊन सांगायचा, "इतकी वर्षं मी किती वेळ वाया घालवला बघ."

बायकोने सगळं करून पाहिलं. रडली. रडणं त्याला कळायचं, तो तिची पाठ थोपटायचा आणि सकाळी पिशवी उचलायचा. भांडली. तो ऐकून घ्यायचा. लेकीची शपथ घातली. "पण मी पडणार नाहीये," तो समजावणीच्या सुरात म्हणायचा. धमकीत जो दम असतो तो ऐकणाऱ्याच्या भीतीतून येतो, हे तिला तेव्हा कळलं. ज्याला भीतीच नाही त्याला अडवायचं कसं?

मग तिच्या स्वतःच्या सवयी सुरू झाल्या. दुकानात फोन वाजला की ती आधी हातातली सुई कापडात खोचून ठेवायची. रुग्णवाहिका गेली की ती कुठल्या दिशेला गेली ते बघायची. सहा वाजायला आले की मशीन थांबवायची, म्हणजे बूट ऐकू येतील. सहा वाजून पाच मिनिटांनी तिच्या हातांना घाम सुटायचा आणि गिऱ्हाइकाच्या कापडावर डाग पडायचे.

एका दुपारी लंबू दुकानात आला. एवढा उंच माणूस, दारात वाकून उभा. शर्टावर पुढून मागून काळं वंगण.

"वहिनी, पाणी द्या."

पाणी त्याने अर्धं सांडलं.

"काय झालं, भाऊजी? ते कुठे आहेत?"

"आहे, आहे. धडधाकट आहे. जेवतोय." तो स्टुलावर बसला. "त्याने 'काढला' म्हणून सांगितलं. मी उतरलो. खाली ग्रीस लावतोय. तर डोक्यावर घरघर. वर बघतो तर डबा येतोय."

तिने हातातला तांब्या खाली ठेवला.

"पालथा पडलो. अख्खाच्या अख्खा. वहिनी, आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की आपण बुटके असतो तर बरं. डबा पाठीवर एवढ्यावर येऊन थांबला." त्याने वीतभर अंतर दाखवलं. "तिसऱ्या मजल्यावरून कोणीतरी खाली येत होतं. छत्री घेऊन. मला त्या छत्रीचं टोक टेकल्याचं ऐकू येत होतं."

"आणि हे?"

"खाली आला. खिशात हात घातला. म्हणतो, अरे, राहिलाच की. हसून." लंबूने तोंड पुसलं. "खोटं नाही बोलला तो. जीभ सवयीने बोलली, हात गेलाच नाही. पूर्वी त्याचा हात कोण न्यायचं? भीती. एकोणीस वर्षं मी त्याच्या भीतीवर जगलो, वहिनी. आणि त्याला भागूबाई म्हणत आलो."

"तुम्ही दुसरा जोडीदार मागून घ्या," ती म्हणाली. हे बोलताना तिला स्वतःचाच राग आला.

"घेईन की. आणि याला कोणाच्या हाती देऊ?"

त्या दिवसापासून फ्यूज लंबू काढू लागला. मिस्त्रीला यंत्राच्या खोलीत त्याने जाऊच दिलं नाही. त्यामुळे खड्ड्यात मिस्त्री उतरू लागला. लंबूला यात धोका कमी वाटला. तिलाही वाटला. आपण काय बदललंय याचा दोघांनीही पुरता विचार केला नाही.

ताप उतरल्याला अकरा महिने झाले तेव्हा त्यांना एका शीतगृहाचं काम आलं. माल चढवायची मोठी लिफ्ट. तिच्या खड्ड्यातली जाडजूड स्प्रिंग बदलायची होती, डबा खाली आदळू नये म्हणून असते ती. चार बोल्ट. तळघरात गार, लिफ्टच्या दाराशी पांढरी खोकी रचलेली. खोक्यांत कोरडा बर्फ होता. त्याचं पाणी होत नाही, वायू होतो. तो वायू दिसत नाही, आणि हवेपेक्षा जड असल्याने खाली खाली जातो. इमारतीतली सगळ्यात खालची जागा म्हणजे तो खड्डा.

लंबू फ्यूज काढून, वरच्या यंत्राला तेलपाणी करून तासाभराने जिना उतरत होता, तेव्हा त्याने एक आवाज ऐकला. माणसाचा आवाज आहे हे त्याला आधी कळलंच नाही. तो धावला. मिस्त्री खड्ड्याच्या लोखंडी शिडीवरून वर येत होता, हातांनी, पायांनी, गुडघ्यांनी. वर येऊन तो लंबूच्या अंगावर कोसळला आणि त्याला असा घट्ट धरला की लंबूच्या दंडावर नखं रुतली. डोळे ताणलेले. तोंड अर्धवट उघडं.

लंबूने त्याला रिक्षात घालून दुकानात आणलं. मिस्त्री अजून थरथरत होता. शर्ट घामाने भिजला होता.

"काय होतं ते?" त्याने बायकोला विचारलं.

तिने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. अकरा महिन्यांनी तो चेहरा तिला ओळखीचा वाटला.

"भीती," ती म्हणाली. "घाबरलात तुम्ही." आणि ती हसली. हसू आवरेना तिला. लंबू दोघांकडे आळीपाळीने बघत राहिला.

"घाबरला म्हणूनच वर आला, वहिनी," तो म्हणाला. "नाहीतर तिथेच बसून राहिला असता."

संध्याकाळी ती मिस्त्रीला घेऊन डॉक्टर बाईंकडे गेली. धावतच म्हणा ना. "आली," ती म्हणाली. "त्यांची भीती परत आली."

डॉक्टर बाईंनी सगळं ऐकून घेतलं. "तो रस्ता वेगळा आहे," त्या म्हणाल्या. "बाहेरचा धोका बदामातून जातो. पण श्वास कोंडला, रक्तात तो वायू वाढला, की आतूनच हाक उठते. मेंदूच्या बुडाशी, जिथून श्वास चालतो तिथून. तिला बदाम लागत नाही. अशा माणसांना ती हाक कधीकधी आपल्यापेक्षाही जोरात लागते."

"म्हणजे आता राहील ना ती?"

"नाही. आली होती. गेली."

तिने विश्वास ठेवला नाही. बाहेर आल्यावर मिस्त्री रस्ता ओलांडायला निघाला. समोरून बस येत होती. त्याने बस पाहिली. बायको आता त्याच्या थांबण्याची वाट बघत होती. तो थांबला नाही. तिने शर्टाला धरून त्याला मागे खेचलं. बस वारा घालत गेली.

"बघितली होती मी," मिस्त्री म्हणाला.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. दुपारी ती मशीनवर एका कोटाचं अस्तर शिवत होती. मिस्त्री स्टुलावर येऊन बसला.

"मला एक सांग. मला खाली जे झालं, ते तुला होतं?"

"होतं."

"कधी?"

"तुम्ही सकाळी पिशवी उचलली की सुरू होतं. सहाला बूट वाजले की थांबतं."

"रोज?"

"रोज. अकरा महिने."

अस्तराचा एक धागा लोंबत होता, तो मिस्त्रीने बोटाला गुंडाळला, सोडला.

"मला ते किती वेळ होत होतं?"

"लंबूभाऊजी म्हणाले, ओरडल्यापासून वर येईपर्यंत मिनिटभरसुद्धा नसेल."

"मिनिटभर," मिस्त्री म्हणाला. "त्या मिनिटात मला वाटलं, काहीही होऊ दे, पण हे थांबू दे." त्याने पुन्हा धागा गुंडाळला. "आता ते फक्त आठवतंय. लागत नाही. पण आठवतंय."

ती शिवत राहिली. टाके वाकडे पडत होते हे तिला दिसत होतं.

सोमवारी सकाळी त्याने पिशवी उचलली.

ती दारात उभी होती. लेक शाळेला गेली होती.

"शीतगृहाचं राहिलंय," तो म्हणाला. "खोकी हलवली त्यांनी, मोठा पंखा लावलाय. हवा चांगली आहे आता. चारपैकी एकच बोल्ट झालाय. पाना दुसऱ्या बोल्टलाच लावलेला आहे, अर्धा फिरवलेला. तेवढं करून येतो. काम असं टाकत नाहीत."

यात खोटं काही नव्हतं. वाद घालावा असंही काही नव्हतं. ती नुसती उभी राहिली.

मिस्त्री तिच्या चेहऱ्याकडे बघू लागला. डोळे, भुवया, तोंड. एखाद्या अनोळखी यंत्राचा नकाशा बघावा तसा, एकेक भाग.

"मला यावरून काही कळत नाही गं," तो म्हणाला. "सुरू झालंय का तुला?"

"झालंय."

"तसंच? खालच्यासारखं?"

"तसंच."

तो उभा राहिला. छाती संथ वरखाली होत होती. हात कोरडे होते. त्याला काहीही वाटत नव्हतं, हे तिला स्वच्छ दिसत होतं. तरी त्याने पिशवी खाली ठेवली. मग बसून बुटांच्या नाड्या सोडू लागला.

"मग राहू दे," तो म्हणाला.

उद्या तो विचारील का, तिला माहीत नव्हतं. परवा विचारील का. ती दाराला टेकून त्याचे बूट निघताना बघत राहिली. दोन्ही निघाले तेव्हा तिने ते उचलून आत नेले.

अकराच्या सुमाराला लंबूचा फोन आला. त्याला तिने सांगितलं, ते येणार नाहीत. लंबू म्हणाला, "बरं झालं." आणि फोन ठेवल्यासारखा वाटला, पण ठेवला नव्हता, कारण मागे पंख्याची घरघर ऐकू येत होती. तो खड्ड्याच्या तोंडाशी उभा होता. खाली स्प्रिंग एका बोल्टवर उभी होती. दोन बोल्ट पुड्यात तसेच होते. आणि दुसऱ्या बोल्टवर मिस्त्रीचा पाना, अर्धा फिरवलेला.